खांबाजवळचं मेज

१

गिरणीत संध्याकाळचे दिवे लागले की आम्ही बायका हातातलं काम थांबवून हात जोडतो. घरी जोडतो तसेच. ट्यूब असली म्हणून काय झालं, दिवा तो दिवाच. माधवनगरच्या आमच्या गिरणीच्या फोल्डिंग खात्यात, म्हणजे विणून आलेलं कापड तपासून घड्या घालतात त्या खात्यात, ही रीत मी लागायच्या आधीपासूनची आहे. फोल्डिंग मास्तर कितीही घाईत असला तरी तेवढ्या वेळापुरतं तोंड उघडत नाही.

आधी हे दिवे आमचे हे लावायचे. हे म्हणजे माझे यजमान, कृष्णात, गिरणीचे वायरमन. पलटणीत सिग्नलला होते, एकाहत्तरच्या लढाईनंतर सुटून आले आणि इथं लागले. दिवस कलला की दाराजवळच्या मोठ्या खटक्यापाशी येऊन उभे राहायचे, छताच्या काचांकडं एकदा बघायचे आणि खटका वर ढकलायचे. सगळं खातं एकदम उजळायचं. बाकीच्या बायका दिव्यांकडं बघून हात जोडायच्या, मी ह्यांच्याकडं बघून जोडायची. साळूबाई, आमच्यातली सगळ्यांत जुनी तपासणारी, मला चिडवायची, "दिव्याला जोडतीस का दिवा लावनाऱ्याला गं?"

"दोघांस्नी बी," मी म्हणायची. मला कसली लाज? सगळ्यांचा उजेड माझ्या नवऱ्याच्या हातात होता, आणि कुणी ते विसरलेलं मला खपत नसे.

मग ती पेटी आली.

वीजकपातीचे दिवस होते. गिरणीनं वीज कमी वापरावी असं वरून सांगणं आलं होतं. दिवसभर ट्यूबा जळत राहिल्या तर बायकांचं काम बंद करावं लागेल, असं मालक म्हणायला लागले. तेव्हा पुण्याचे एक साहेब आले आणि त्यांनी ह्यांना हाताशी धरून नवी व्यवस्था बसवली. छतावर काचेचा एक डोळा. आभाळ आलं किंवा दिवस कलला की जिथं अंधार होईल तेवढ्याच रांगेच्या ट्यूबा आपोआप लागायच्या, ऊन आलं की जायच्या. शिवाय तपासणीच्या प्रत्येक मेजाला दोन ट्यूबा, एक वर टांगलेली, कायमची, दुसरी मेजाच्या दुधी काचेखाली. मेजाच्या एका कडेला बारीक दिवा, समोरच्या कडेला डोळा. मधे माणूस येऊन उभं राहिलं की काचेखालची ट्यूब लागायची आणि कापडाची वीण धाग्या-धाग्यानं दिसायची. माणूस हललं की ट्यूब गेली. हे सगळं चालवणारी करड्या पत्र्याची पेटी दाराशेजारी, जुन्या खटक्याच्या जागी.

फायदा झाला, ते नाकारून चालणार नाही. वीज वाचली, आमचं काम वाचलं, डोळ्यांची आग थांबली, कापडातले दोष जास्त सापडायला लागले. फक्त संध्याकाळी दाराजवळ कुणी उभं राहीनासं झालं. दिवे आपले आपण लागायचे, बायका हात जोडायच्या, आणि मला कळेना की आता बघायचं कुणाकडं.

२

हे घरी आले की पेटी, जेवायला बसले की पेटी. "माला, तिला काय सांगावंच लागत न्हाई बघ. ज्याला पायजे त्याला, पायजे तेवढाच उजेड. मानसापरास शानी हाय."

"मग तिच्याच हातची भाकरी खावा की," मी म्हणाले.

हे हसले. मला हसू आलं नाही. पत्र्याच्या पेटीवर जळणारी दुसरी बाई कुणाला भेटली असेल असं वाटत नाही, पण माझा स्वभावच तसा. उंब्रजला माहेरी होते तेव्हा थोरल्या बहिणीच्या ताटातली भाकरी मला रोज जास्त फुगलेली दिसायची.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी मेजांना हळदकुंकू लावायचं काम माझ्याकडं होतं. सगळी मेजं झाली. राहिलं ते शेवटचं, खांबाजवळचं. ते जादा म्हणून बसवलेलं, नवं कोरं. खांब कोपराला लागतो म्हणून कुणी ते घेत नव्हतं, आणि तिथं नेमणूकही कुणाची झाली नव्हती.

"ऱ्हाऊ दे ते," साळूबाई म्हणाली. "तितं बाई कुटं हाय?"

"का? घरी सवाष्णी जेवायला बोलावल्या आन् एक न्हाई आली, तर पाट मोकळा ठेवतो का आपन? तिच्या नावानं ताट वाढतोच की."

खरं तर मला सगळ्यांना हसवायचं होतं. हे दाराशी उभे होते आणि पेटीला हार घालत होते, माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मी खांबाच्या मेजाला हळदकुंकू लावलं, एक खण ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "ये गं बाई. लाजू नगंस. आपलंच घर समज."

बायका हसल्या. माझा हात मेजाच्या डोळ्यासमोर होता म्हणून काचेखालची ट्यूब लागली. मी हात काढून घेतला. ट्यूब गेली नाही. मी दोन पावलं मागं सरले, तरी ती जळतच होती, आणि त्या उजेडात खणाचा रंग फार सुरेख दिसत होता.

"आवं, बघा तुमची शानी पेटी," मी ओरडले.

हे आले. तेवढ्यात ट्यूब गेली. "आतला खटका चिकटला आसंल," ते म्हणाले. पण माघारी जाताना त्यांनी वळून मेजाकडं बघितलं.

३

त्यानंतर दिवस कलायला लागला की खांबाच्या मेजाची ट्यूब लागायची. तिथं कुणी नसायचं.

ह्यांनी पेटी उघडली, डोळा फडक्यानं पुसला, तारा ओढून बघितल्या. "काय बी बिघाड न्हाई. मानूस उभं ऱ्हायल्यावर लागती तशीच लागतीया."

माझं डोकं तसं सरळ चालतं. मी विचार केला, दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडं सरकतो, खांबाची सावली तिरकी होते, तीच डोळ्यावर पडत असणार. साळूबाईला हे पटलं, मलाही पटलं. मग एक दिवस आभाळ आलं. खात्यात कुठंही सावली नव्हती, तरी ट्यूब लागली. मग मी म्हटलं, छतातला पारवा असेल. पारव्याला मी चार दिवस शोधलं.

माणूस मेजापाशी आलं की त्या पेटीतून 'टक' असा आवाज यायचा. आधी आमचं तिकडं लक्ष नसायचं, आता मी कान देऊन ऐकायला लागले. साळूबाई सारखी या पायावरून त्या पायावर होते, तिची ट्यूब लागते-जाते, लागते-जाते, पेटी नुसती टकटकत असते. मी एकदा उभी राहिले की हलत नाही, त्यामुळं माझा आवाज एकच. खांबाच्या मेजाचाही एकच असायचा. टक, आणि मग कितीतरी वेळ काही नाही. कुणीतरी अगदी माझ्यासारखं उभं राहत होतं.

बायकांनी तिचं नाव पाडलं, खांबवाली. "आज खांबवाली लवकर आली गं," असं म्हणून खिदळायच्या. कशाचीही सवय होते. मला सवय झाली नाही, कारण मी ट्यूबकडं बघतच नव्हते, मी ह्यांच्याकडं बघत होते. आधी हे डोळा पुसायला म्हणून यायचे. मग डोळा पुसून झाला तरी तिथंच खांबाला टेकून थांबायला लागले. नुसते उभे, मान जरा कललेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी चुलीपुढं बसले की हे दाराला टेकून असेच उभे राहायचे.

त्या संध्याकाळी मी साळूबाईला विचारलं, "त्या मेजावर आधी कोन हुतं का गं? कुनी मेलंबिलं?"

"खुळी का काय तू? मेजच नवं हाय. तितं कवाच कोन नव्हतं."

मेलेली बाई असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा उतारा तरी टाकता आला असता.

४

मार्गशीर्षात काम वाढलं. माझ्या मेजावर जागा उरली नाही म्हणून एक तागा मी खांबाच्या मेजावर ठेवला आणि पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा तो उलगडलेला होता आणि त्यावर खडूच्या खुणा होत्या.

आमची खुणांची पद्धत सोपी आहे. चांगल्या कापडाच्या टोकाला गोल. तुटका धागा, जाळी, तेलाचा डाग असेल तिथं फुली. गोलाचं कापड गठ्ठ्यात जातं. फुलीचं बाजूला पडतं आणि शनिवारी मोठ्या कात्रीनं कापून चिंध्यांच्या पोत्यात जातं.

खुणा बारीक होत्या. फुली डावीकडं कललेली, डाव्या हातानं काढल्यासारखी. मी एकेकीला खडू धरायला लावून बघितलं. आमच्यात डावखुरी कुणी नाही.

"कुनी केलं हे?" मी विचारलं. कुणी कबूल होईना. मी तो तागा माझ्या मेजावर नेला आणि पुन्हा पहिल्यापासून तपासला. हिच्याकडून एक तरी दोष सुटलेला निघावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले. एकही सुटला नव्हता. उलट मी हजार वेळा नजर फिरवूनही जे मला दिसलं नसतं, ते तिनं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्याजवळ आला. "विजयमाला, कालचा तागा बघितला. नजर लय बारीक झाली गं तुजी."

मी नुसती मान हलवली. 'तो मी तपासला नाही' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण मग ते कौतुक तिचं झालं असतं, आणि ते मला मेले तरी चाललं नसतं. त्या दिवसापासून मी उरलेलं कापड खांबाच्या मेजावर ठेवणं बंद केलं. तरी रोज एक तागा तपासून तयार असायचा. माझ्या ढिगातला.

५

शर्ट धुवायला घेतला तेव्हा ती खूण मला दिसली. ह्यांच्या खाकी शर्टावर, पाठीमागं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. खडूचा गोल. बारीक, नीट मिटवलेला.

मी शर्ट तसाच ह्यांच्यापुढं धरला. "ही कुनाची खून?"

"कसली खून? खडू लागला आसंल. खडूच्या खात्यात काम करतासा तुमी बायका."

"लागलेला खडू गोल नसतो. पाठीवर कुनीतरी हात फिरवल्याबिगर हे व्हत न्हाई. तुमी पाठ केल्तासा तिच्याकडं?"

"कुनाकडं?"

"खांबवालीकडं!"

मला वाटलं हे हसतील, नाहीतर चिडतील. दोन्ही चाललं असतं. हे शर्टाकडं बघत राहिले आणि त्यांच्या तोंडावर असा काही आनंद उमटला, जसा पलटणीत बिल्ला मिळाल्यावर उमटला असेल. शर्ट त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि खुंटीला टांगला. "ऱ्हाऊ दे. मळला न्हाई."

मी त्या रात्री जेवले नाही. ते ह्यांच्या लक्षात आणून द्यायचं होतं म्हणून जेवले नाही, आणि ह्यांच्या लक्षात आलं नाही. मी समोर बसले होते, डोक्यावर खोलीतला बल्ब. हे ताटातून वर न बघता म्हणाले, "माला, जरा बाजूला सर. उजेड येत न्हाई."

मी बल्बच्या आड नव्हतेच. मी भिंतीकडं बघितलं, माझी सावली माझ्या मागं होती, जिथं असायला पाहिजे तिथं. तरीही मी सरले. मी सरल्यावर हे म्हणाले, "हां, आता कसं," आणि समोरच्या मोकळ्या जागेकडं बघून जेवायला लागले.

तेव्हा मला स्पष्ट कळलं की माझं काय जाणार आहे. नोकरी नाही, मेज नाही. माझा नवरा. आणि तो मी असाच कुणाला देणार नव्हते, ती दिसो की न दिसो.

६

आज शुक्रवार. आज मी ठरवूनच गेले होते. तिच्या आधी तिच्या जागेवर जाऊन उभं राहायचं. एका जागेवर दोन बायका मावत नाहीत. मग येऊन बघ म्हणावं.

दिवस अजून वर होता तेव्हाच मी माझा तागा उचलला आणि खांबाच्या मेजावर पसरला. कोपर खांबाला लागलं. मी नीट मधे उभी राहिले, दिवा आणि डोळा यांच्या बरोबर आड.

टक झालं नाही. ट्यूब लागली नाही.

मी डोळ्यापुढं हात धरला. हलवला. पदर धरला. काही नाही. साळूबाई शेजारच्या मेजावरून बघत होती. "ट्यूब गेली आसंल," ती म्हणाली. असेल, मीही म्हटलं. ट्यूब जाते कधीकधी. मी तशीच उभी राहिले आणि वरच्या ट्यूबच्या उजेडात कापड तपासायला लागले. दोन्ही तळवे कापडावर टेकवून, ताणून, पुढं ओढत, रोजच्यासारखं.

दिवस कलला. छताच्या काचा करड्या झाल्या. हे आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी म्हणाले, "आवं, ट्यूब बघा की जरा." त्यांनी ऐकलं नाही. मान जराशी कललेली.

टक.

माझ्या हातांखाली काच पेटली. कापडाची वीण धाग्या-धाग्यानं वर आली. ट्यूब गेली नव्हती तर. मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी हसले. मग कापड सरकलं. मी ओढलं नव्हतं. माझ्याच चालीनं, माझ्याच बेतानं, कापड माझ्या तळव्यांखालून पुढं गेलं.

पातळ कापड काचेवर दाबलं की तिथं ते जास्त पांढरं दिसतं. माझ्या तळव्यांच्या कडेनं असे दोन पट्टे होते, ते माझे. आणि त्यांना लागून, बोटाला बोट टेकवून, आणखी दोन तळव्यांचे. पाचही बोटं पसरलेली.

छताच्या डोळ्यानं अंधार झाल्याचं पेटीला कळवलं आणि रांगेतल्या ट्यूबा एकेक करून लागत आल्या. सगळ्या बायका थांबल्या. सवयीनं माझेही हात कापडावरून उचलले गेले आणि छातीशी जोडले गेले. माझ्या हातांचे पांढरे पट्टे कापडावरून गेले. ते दुसरे दोन गेले नाहीत. ते हात जोडले गेले नाहीत. कशाला जोडेल ती?

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी हात जोडले होते. दिव्यांकडं न बघता. माझ्या जरा शेजारी, जिथं कुणी नव्हतं, तिथं बघून. मी त्यांच्याकडं बघून जोडायची, तसेच.

७

भोंगा झाला. मी मागं न बघता बाहेर पडले. गेटापाशी गर्दी होती, साळूबाई माझ्या मागं होती. पुढं रस्त्यावर हे सायकल हातात धरून चालले होते, सावकाश. माझ्याबरोबर चालताना ते नेहमी सायकल उजव्या हाताला घेतात आणि डावीकडं माणसापुरती जागा सोडतात. आजही त्यांनी ती सोडली होती. बोलत चालले होते. मधेच थांबले, ऐकलं आणि हसले.

मला खरं तर भीती वाटायला हवी होती. तसं झालं नाही. ते काय सांगून हसतायत, एवढंच मला ऐकायचं होतं. माझ्याशी बोलून ते असे कधी हसले होते, ते मला आठवेना.

"विजयमाला, थांब गं जरा," साळूबाई मागून म्हणाली. "पाठीला खडू लागलाय तुज्या."

मी थांबले. तिचा हात माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, घासत राहिला.

"गोल हाय का?" मी विचारलं. मागं न वळता. माझा आवाज कसा आला ते मला ठाऊक नाही, पण त्यात आशा होती.

"न्हाई. फुली हाय. वाकडी, डावीकडं कललेली. कुनी केली गं मस्करी?" तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं करून परत घासलं. पुढं हे वळणावर पोचले होते. त्यांनी सायकल जरा तिरकी केली, शेजारच्या माणसाला चिखल लागू नये म्हणून करतात तशी, आणि वळले.

"निगंना बाई," साळूबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता तशीच. लवकर जाऊन पड. उद्या शनिवार, कापायचं काम हाय."